ढोलेसाहेब आणि तीन नंबरची टाकी

ढोलेसाहेबांबद्दल मी लिहावं, हे खरं म्हणजे बरोबर नाही. त्यांच्याजवळ उभी हयात काढलेली माणसं मलकापुरात आहेत. मी त्यांच्या हाताखाली जेमतेम दोन सीझन काढले. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अर्ज सोडून दुसरं काही लिहायची सवय नाही. पण ती माणसं लिहिणार नाहीत, हे मला माहीत आहे. ती बोलतील, चहा पितील आणि कामाला लागतील. म्हणून धीर केला. कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

त्या सकाळी टाक्या भरलेल्या होत्या. रिकामे डबे पुसून ओळीनं लावले होते. डब्यांच्या तोंडाला डाग देणारा कारागीर शेगडी पेटवून बसला होता. स्टेशनावर वॅगन लागलेली होती. आणि साहेब 'भरा' म्हणत नव्हते.

आमची मिल शेंगदाण्याच्या तेलाची. शेंगा फोडायच्या, दाणे वाफेवर शिजवायचे आणि एक्स्पेलरमध्ये घालून पिळायचे. एक्स्पेलर म्हणजे लोखंडी घाणाच, फक्त बैलाच्या जागी मोटर. निघालेलं तेल कापडातून गाळून टाकीत निवत ठेवायचं. मग साहेबांनी टाकी पास केली की डबे भरायचे. साहेबांच्या 'भरा'शिवाय टाकीचा नळ उघडायचा नाही, हा मिलचा नियम होता. मालक मुंबईला. ते वर्षातून एकदा येत. नियम त्यांचाच होता, पण तो ढोलेसाहेबांच्या नाकावर उभा होता.

पास करायची रीत साधी होती. आमच्याकडे कच्चं तेल आणि तिखट भाकरीबरोबर खातातच, त्यामुळे तेलाची चव घराघरात माहीत. साहेबांच्या घरून रोज सकाळी ज्वारीची ताजी भाकर यायची. तिचा तुकडा टाकीतल्या तेलात बुडवायचा, वर मिठाची कणी टाकायची. पहिला घास नातीला. दुसरा स्वतः खायचा. क्षणभर डोळे मिटायचे. मग 'भरा' किंवा 'थांबा'.

नात म्हणजे सुमी. सहा वर्षांची असेल. तिची आई, म्हणजे साहेबांची मुलगी, सुमी रांगत होती तेव्हाच गेली. तेव्हापासून ती आजी-आजोबांजवळ होती. साहेब केबिनमध्ये आहेत की नाही हे आम्ही दारातल्या चपलांवरून ओळखायचो. त्यांच्या जोड्याशेजारी इवल्याशा चपला असल्या की साहेब आत, आणि मूड बरा. पत्रं सही करता करता ते तिची वेणी घालायचे. वेणी नेहमी एका बाजूला जायची. माई, म्हणजे साहेबांच्या बायको, दुपारी ती सोडून पुन्हा घालायच्या. साहेबांनी मात्र कधी हार मानली नाही.

असा माणूस बाकीच्यांशी कडक होता. डोणगावच्या बाजूला त्यांच्या वडिलांचा लाकडी घाणा होता. तिथे बैलामागे फिरत ते वाढले. मिलमध्ये आले ते तेल गाळायच्या कापडांवर, आणि चढत चढत मॅनेजर झाले. शिक्षण फार नव्हतं. पण व्यापारी त्यांच्या 'भरा'वर डोळे मिटून माल उचलायचे. फोरमन दगडूभाऊंच्या तोंडात कायम तंबाखू असायची. ते कधी म्हणाले की आज मी चाखून पाहू का, तर साहेब म्हणायचे, "दगडू, तुले तर घासलेटही गोड लागन."

मी लॅबमध्ये होतो. लॅब म्हणजे गोदामाला लागून एक खोली, एक तराजू आणि एक ब्युरेट. ब्युरेट ही खुणा केलेली काचेची उभी नळी. तेल जुनं किंवा ओलसर झालं की त्यातली आम्लता वाढते. ब्युरेटमधून खाराचं पाणी थेंब थेंब सोडायचं, आणि गुलाबी रंग टिकला की किती लागलं ते पाहून आम्लता काढायची. इंटर सायन्स झालेल्या मुलाला जमेल असं काम. पण त्यात एक गोम आहे. कधी कधी आम्लता ठीक असते आणि तेल मात्र खवट व्हायला लागलेलं असतं. ते ब्युरेटला कळत नाही. ते नाकाला आणि जिभेला कळतं. आम्ही दिवसभर तेलातच. थोड्या वेळानं आमच्या नाकांना सगळंच सारखं व्हायचं. म्हणून साहेबांचं महत्त्व.

माझ्या पहिल्या सीझनमध्येच मला साहेबांची एक गोष्ट कळली. एका दुपारी साहेब लॅबमध्ये आले. ते मला गावाच्या नावानं हाक मारायचे.

"काय वडनेर, आजचं सॅम्पल कोनतं?"

टेबलावर दोन बाटल्या होत्या. एक आजची. दुसरी उन्हाळ्यापासून मुद्दाम ठेवलेली, खराब झालेल्या तेलाची. तिचं बूच उघडं होतं आणि दारातूनच वास येत होता. साहेबांनी नेमकी तीच उचलली, नाकाशी धरली आणि म्हणाले, "बरं हाय."

मी त्या बाटलीकडेच बघत राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीवरच्या चिठ्ठीकडे पाहिलं. बाटली हळूच खाली ठेवली आणि दार लोटून घेतलं.

"वास गेला बे माझा," ते म्हणाले. "मागच्या तापाच्या साथीत. चवही गेली. आधी सुमीले समजलं. चुलीवर दूध जळून राह्यलं व्हतं अन् मी बाजूलेच बसलो व्हतो. ती म्हने, आबाजी, तुमाले वास नाई येत का?"

"मग टाकी कशी पास करता साहेब?"

"मी कुठं करतो. ते पोरगी करते."

आजा आणि नात, दोघं रोज एक खेळ खेळत होती. तेल चांगलं असलं तर सुमी दुसरा घास मागायची. खवट असलं तर तोंड पुसायची. लोकांना वाटायचं, आजा नातीचे लाड करतो. तिची जीभ कोरी होती. तंबाखू नाही, बिडी नाही, चहासुद्धा नाही. एकदाही चुकली नव्हती.

"मालकाले सांगतलं तं मले घरी बसवतीन," साहेब म्हणाले. "क्वार्टर जाईन. तू कोनाले बोलू नको."

मी कुणाला बोललो नाही.

दुसऱ्या सीझनला मार्गशीर्षात अवकाळी पाऊस आला. यार्डात ठेवलेल्या शेंगांची पोती भिजली. वाळवून घेतली, पण ओल्या दाण्याचा भरवसा नसतो. ते तेल एक आणि दोन नंबरच्या टाकीत होतं. तीन नंबरमध्ये आधीचं, कोरड्या दाण्याचं. नेमकं त्याच वेळी साहेबांचे जावई दिनकरराव इटारसीहून आले. ते रेल्वेत क्लार्क होते. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. नवी बाई चांगली आहे, असं माईच सांगायच्या. दिनकरराव सुमीला न्यायला आले होते.

संध्याकाळी साहेबांनी मला जेवायला बोलावलं. पिठलं-भाकरी होती.

"मामाजी, शाळेत नाव घातलं आहे," दिनकरराव म्हणाले. "रेल्वेची शाळा आहे. पोरगी हुशार आहे. किती दिवस तेलाच्या टाक्यांमध्ये फिरवणार?"

"हो. शाळा तं पाह्यजेच," साहेब ताटाकडे पाहत म्हणाले.

"होळीपर्यंत तरी राहू द्या जी तिले," माई म्हणाल्या. "हुरडा खाऊ द्या. मंग न्या."

दिनकररावांनी मान हलवली, पण हो म्हणाले नाहीत. मग साहेबांनी हात थांबवला आणि मला सांगितलं होतं ते सगळं त्यांना सांगितलं. एवढा मोठा माणूस जावयासमोर ते सांगत होता, ते मला बघवेना. मी भाकरी मोडत राहिलो.

दिनकरराव वाईट माणूस नव्हते. ताट बाजूला सारून म्हणाले, "असं करू. उद्या तुमच्या टाक्या चांगल्या निघाल्या तर दुपारच्या गाडीनं आम्ही निघतो. खराब निघाल्या, काम अडलं, तर तुम्हाला ती लागेल. मग मी एकटाच जातो. होळीपर्यंत राहू द्या तिला. शाळेत मी बोलतो."

दाराआड सुमी बाहुलीला लुगडं नेसवत बसली होती. ती ऐकत असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता त्या सकाळी येतो. मी लवकर उठून दोन्ही टाक्यांची आम्लता काढली होती. ठीक होती. टाक्यांच्या पायऱ्यांपाशी साहेब, सुमी, दगडूभाऊ, दिनकरराव आणि मी. मागे डबे भरणारी माणसं. दिनकररावांनी प्रवासाचा कोट घातला होता. सुमीला नवा फ्रॉक.

साहेबांनी एक नंबरच्या तेलात तुकडा बुडवला, मीठ लावलं, सुमीला दिला. तिनं चावला. तोंड पुसलं. आज ती मोठ्यानं बोललीही. "खवट हाय, आबाजी."

मागे कुजबुज झाली. दगडूभाऊंनी ओंजळीत तेल घेऊन चोळलं, हुंगलं. "मले तं बरं वाटते साहेब."

"तुले सगळंच बरं वाटते. दोन नंबर."

दोन नंबर. सुमीनं पुन्हा तोंड पुसलं. "हे पन."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हणालो, "माझ्याकडे पास आहे." पण वर सांगितलंच, पास असलेलं तेलही खवट असू शकतं. आणि दाणे खरोखर भिजले होते.

दिनकररावांनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे मामाजी. मग मी एकटाच निघतो."

ते असं म्हणाले आणि सुमीचा चेहरा फुलला. लगेच तिनं मान खाली घातली. मी पाहिलं. साहेबांनीही पाहिलं असावं, कारण ते थोडा वेळ तिच्या भांगाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "चल सुमे, तीन नंबर."

"साहेब, ते तं बुधवारीच पास झालं," दगडूभाऊ म्हणाले. "काऊन तरास घेता? ह्या सुमीताईनंच दोन घास मांगून खाल्ले व्हते."

साहेबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. तुकडा बुडवला. मीठ लावलं. सुमीनं घास घेतला, चावला, गिळला आणि तोंड वाकडं केलं.

"हे पन खवट हाय आबाजी. लय खवट."

कुणी हसलं नाही. साहेब टाकीच्या पायरीवर बसले. आता ते आणि ती एका उंचीवर आले.

"सुमे. नीट सांग बेटा."

"खवट हाय."

"बुधवारी गोड व्हतं."

"आता खवट झालं." तिनं साहेबांच्या कोटाची बाही धरली. "सगळं खवट हाय. गाडीनं नका पाठवू."

त्या वेळी साहेबांनी काय करावं, हे मला आजही ठरवता येत नाही. 'तेल खराब आहे' एवढंच ते म्हणाले असते तर नात होळीपर्यंत घरी राहिली असती. मालकांना सांगायला भिजलेली पोती होतीच. किंवा स्वतः एक घास खाऊन, डोळे मिटून 'भरा' म्हणाले असते, तर नात गेली असती पण नोकरी राहिली असती. दोन्ही वाटा मोकळ्या होत्या, आणि दोन्ही ठिकाणी कुणाला काही कळलं नसतं.

साहेब उठले. "दगडू, हे पोरगी खोटं बोलून राह्यली. तिले जाचं नाई म्हनून. तिच्या बोलन्यावर जाऊ नको."

"मंग भरू का साहेब?" दगडूभाऊ गोंधळले होते. "पन तुमी तं अजून चाखलंच नाई."

"चाखून मले काई समजत नाई, दगडू. लय दिवस झाले. वासही येत नाई. आतापर्यंत हे पोरगीच सांगे."

डबे भरणारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दगडूभाऊंनी तोंडातली तंबाखू बाजूला जाऊन थुंकली. मी त्यांना कामावर असताना तंबाखू थुंकताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी चूळ भरली, परत आले आणि भाकरीचा तुकडा मागितला.

"ह्या वडनेरवाल्याचा आकडा पास म्हनते," साहेब म्हणाले. "तू चाख. मुनीमजीले बोलाव. घरून बायाइले बोलाव, त्याइले जास्त समजते. चार तोंडं बरं म्हनतीन तं भर. एक जरी नाई म्हने, तं थांबव."

चौघांनी तिन्ही टाक्यांचं तेल चाखलं. दगडूभाऊंच्या घरच्या वहिनींनी दोनदा चाखलं आणि म्हणाल्या, "काई नाई झालं याले. चांगलं गोड हाय." नळ उघडला. डबे भरायला लागले.

दुपारी स्टेशनावर मी ट्रंक घेऊन गेलो होतो. सुमी साहेबांशी बोलत नव्हती. माईंनी दिलेला तिळाच्या लाडवांचा डबा तिनं वडिलांकडे सरकवला आणि खिडकीकडे पाठ करून बसली. साहेब खिडकीच्या गजाला हात लावून उभे होते. "सुमे, पाटीवर रोज लिहत जाय," असं काहीतरी बोलत होते. ती वळली नाही. गाडी हलली तसा त्यांनी हात काढला.

गाडी दिसेनाशी झाल्यावर ते मला म्हणाले, "तिनं मांगं पाह्यलं का बे?"

"पाह्यलं साहेब."

तिनं खरंच पाहिलं होतं. गजात तोंड घालून पाहिलं होतं. पण तेव्हा साहेब आपल्या जोड्यांकडे बघत होते.

मालकांना त्यांनी स्वतःच कळवलं, कुणी चुगली करायच्या आत. मालकांनी सीझन संपेपर्यंत ठेवलं, हार घातला, चांगलं भाषण केलं. नवा मॅनेजर आला. क्वार्टर सुटलं. साहेब आणि माई गावात दोन खोल्या घेऊन राहिले. मिलमध्ये आता टाकी चौघं जण मिळून पास करतात. सोबत लॅबचा आकडाही लागतो. एका माणसाच्या नाकावर कारखाना चालवू नये, एवढा धडा मिलनं घेतला. मीही तोच घेतला. परीक्षेत प्रश्न आला तर एवढ्याला मार्क मिळतील.

मला नागपूरला तेलाचंच शास्त्र शिकायला साहेबांनी पाठवलं. आमच्या वडिलांना ते पटवायला वडनेरला आले, ओट्यावर बसले, आणि वडील 'हो' म्हणेपर्यंत उठले नाहीत. सुटीत गेलो की मी आधी त्यांच्याकडे जायचो. ते दाराशी खुर्ची टाकून बसलेले असायचे. शिकवतात काय, विचारायचे. मी सांगायचो. ते ऐकायचे. मग सुमीवर यायचे. ती आता हिंदी बोलते म्हणे. दिनकररावांची बदली झाली, अजून लांब. या सुटीत जमलं नाही, पुढच्या सुटीत आणतील.

एकदा मी भीत भीत विचारलं, "साहेब, वास आठवतात का हो?"

त्यांनी विचार केला. "तेलाचा नाई आठवत," म्हणाले. "उभा जनम त्यात गेला, पन नाई आठवत. सुमीच्या टाळूचा आठवते. ती झाली तेव्हा नाक व्हतं न मले. आंघोळ घालून मांडीवर देत. तो आठवते. येत नाई, पन आठवते." मग म्हणाले, "तुमच्या पुस्तकात काय म्हनतात याले?"

मी म्हणालो, पुस्तकात हे नाही.

यंदा परीक्षेमुळे उन्हाळ्यात मला जाता आलं नाही. पुढे गणपतीतही नाही. परवा हॉस्टेलच्या फाटकाशी दगडूभाऊ उभे दिसले. एक्स्पेलरचा पार्ट घ्यायला नागपूरला आले होते. मी त्यांना खोलीवर नेलं, चहा आणला. ते पलंगाच्या काठावर अवघडून बसले. मिलचं बोलले, शेंगांच्या भावाचं बोलले, माझ्या पुस्तकांना हात लावून पाहिला. तंबाखू काढली आणि परत ठेवली.

"साहेब गेले बे," ते म्हणाले. "दसऱ्याच्या आधी. झोपेतच. मले वाटलं तुले कोनी सांगतलं असन."

मला कुणी सांगितलं नव्हतं. मी एवढंच विचारलं, "सुमी?"

"उन्हाळ्यात येऊन गेली न ते. सुटीभर राह्यली. उंच झाली. पह्यले दोन दिवस लाजे, मंग आजाले सोडेच ना. साहेब त्या दिवसात जसे हसले, तसे मी मिलमंधी कधी पाह्यले नाई. जाताना म्हने, आबाजी, दिवाळीले येते."

"मग आता आली का?"

दगडूभाऊंनी कप खाली ठेवला.

"जावईबापू एकटेच आले व्हते तेरवीले. पोरीले अजून सांगतलं नाई म्हने. तिची परीक्षा चालू हाय. गाडीत बसल्यावर सांगतो, म्हने, रस्त्यात." ते उठले, टोपी नीट केली. "पेटी भरून ठेवली म्हने तिनं, आत्तापासूनच."